हरवलेलं सामान

परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
मी लोकांच्या हरवलेल्या बॅगा शोधते.
संध्याकाळी इंग्लंडच्या, रात्र चढली की अमेरिकेच्या.
बॅगा सारख्याच. काळ्या, चाकांच्या,
ओळखू यावी म्हणून हँडलला लाल रिबन,
जी निम्म्या जगानं बांधलेली असते.

माणसं सारखी नाहीत.

अमेरिकेचा माणूस आधी माझं नाव विचारतो.
उत्पलाचं यूटा करतो आणि म्हणतो, काय सुंदर नाव!
दोन मिनिटांत मला ठाऊक होतं
त्याच्या कुत्र्याचं ऑपरेशन, दुसरा घटस्फोट,
बॅगेतले बूट केवढ्याला घेतले,
आणि आता त्याला माझ्या मॅनेजरशीच बोलायचंय.
बॅग सापडली की तीच मी, जगातली सगळ्यात भारी बाई.
लव्ह यू, हनी, म्हणून फोन ठेवतो.
पहिल्या आठवड्यात मी खरंच लाजले होते.

इंग्लंडचा माणूस माफी मागतो.
बॅग हरवली आम्ही, माफी मागतो तो.
मग हवेचं काढतो. तिकडे सव्वीस डिग्री, जीव नकोसा झालाय म्हणे.
मी आमचे छेचाळीस सांगत नाही.
उगाच अजून एकदा सॉरी म्हणेल.

तितरमारे सरांनी भिंतीवर कागद चिकटवलाय.
"क्वाइट गुड": अमेरिकेत झकास, इंग्लंडमध्ये चालून जाईल.
"विथ रिस्पेक्ट" ऐकलं की समजा, तुम्हाला मूर्ख म्हटलं.
पँट हरवली म्हणाला तर नीट विचारा,
तिकडे ती आतली असते.
खाली कोणीतरी पेनानं लिहिलंय, "सर, आपली फुलपँट."
तारखेचं तर विचारूच नका.
एका मॅडमची मार्चमधली बॅग
मी अख्खा तास नोव्हेंबरमध्ये शोधली.

परवा हलचे मिस्टर स्टॅन्सफील्ड होते.
थोडीशी गैरसोय झाली, म्हणाले. घाई मुळीच नाही.
मी प्राधान्यात तीन टाकलं.
आत काय होतं?
दोन शर्ट, दाढीचं सामान, एक डबा.
डब्यात?
"माझी बायको. म्हणजे, तसं पाहिलं तर."
मागे किटलीचं बटण खट्कन उडालं.
"चहाचं पाणी झालं वाटतं. तुम्हाला फार त्रास दिला."
लाइन बंद.
पुढचा फोन ओहायोचा. तो आधीच ओरडत होता.
मी त्याचं नाव लिहून घेतलं.

साडेतीनला कॅबनं घरी सोडलं.
कूलर घरघरत होता, बाबा जागेच.
अजनीच्या लोको शेडमध्ये तीस वर्षं फिटर,
इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस.
हात छातीवर, बनियन ओलं.
काय झालं, बाबा?
"काई नाई व पोरी. जरासक दुखून राह्यलं.
तू जेवून घे. डब्यात भाजी हाय."

जरासक.

भिंतीवरचा तो कागद मला मराठीत दिसायला लागला.
मी चपला न घालताच रस्त्यावर धावले,
कॅब अजून वळणावरच होती.
मेडिकलपर्यंत बाबा एकच वाक्य बोलले,
तेही ड्रायव्हरला:
"माफ करजो भाऊ, तुले लई तरास दिला."

आत नेलं. पायाखाली फरशी गार.
मला बाहेरच्या बाकावर बसवलं.
शेजारच्या बाईनं न विचारता अर्धी पोळी पुढे केली,
कोण आजारी, कुठले तुम्ही, लग्न झालं का, सगळं विचारून घेतलं.
मीही सांगत गेले.

सहाच्या सुमारास नर्स म्हणाली, वेळेवर आणलंत.
मी फरहानाला फोन लावला, ती अजून फ्लोरवर होती.
हलची एक बॅग आहे, तीनचं एक कर.
शेऱ्यात लिही, डबा आहे, उघडू नका, आडवा ठेवू नका.
तारीख कशी वाचू, तिनं विचारलं.
आधी दिवस, म्हटलं.
महिना मग.